व्होल्टेज उतरवणारे साडभाऊ

खामगावच्या वैशाखात स्वतःच्या डोक्याआधी प्रोसेसरच्या डोक्याला वारा घालणारा माणूस उभ्या पृथ्वीवर एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या ताईच्या नशिबी आला. आमचे साडभाऊ. धंदा विजेच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्याचा. तांब्याची तार, वार्निश आणि करपल्याचा वास यांत हयात गेली. पन्नाशी उलटल्यावर भंगारात एक डेस्कटॉप सापडला आणि त्यांना ओव्हरक्लॉकिंगचा नाद लागला. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा संगणक जास्त पळवायचा, हा तो नाद. वेग वाढवला की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो, व्होल्टेज दिलं की तापतो, तापला की बंद पडतो. घरातला एकुलता एक कूलर त्यांनी संगणकाकडे वळवला, तेव्हा ताई पदराने वारा घेत म्हणाल्या, "हवा मले लागते का त्या डब्याले?" साडभाऊ शांतपणे म्हणाले, "तू काई बंद पडत नाही वं."

मला एकदा सणकून ताप भरला होता. भेटायला आले, एकशेदोन ऐकलं आणि मनातल्या मनात हिशेब करून म्हणाले, "सेल्सियसमध्ये चाळीसच्याही खाली आहे भाऊ. प्रोसेसर ऐंशीवर हासत काम करते." धीर देण्याची त्यांची हीच रीत.

पण याच माणसाने माझी लाज राखली. मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. आमच्या गल्लीतल्या गफूरचाचांच्या मुलीचा निकाह जानेफळला, तिच्या मामूंकडे झाला. चाचा मांडीचं हाड मोडून घरी पडलेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या गाडीने मुलगी सासरी सुरतेला निघायची होती, आणि त्याआधी तिला शेजारी बसवून फिल्म पाहायची, एवढीच त्यांची इच्छा. मी हो म्हणून बसलो होतो. सकाळी पाहतो तर माझा जुना संगणक फिल्म तयार करायला रात्रीपर्यंतचा वेळ दाखवत होता.

साडभाऊ दुकान बंद करून आले. वेग वाढवला, व्होल्टेज चढवलं. तापमान अठ्ठ्याण्णववर गेलं आणि पडदा काळा झाला. त्यांनी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. ती पुसून हरभऱ्याएवढी नवी लावली. तरीही पंच्याण्णव.

"म्या लालच केली भाऊ," ते म्हणाले. "याले एवढं व्होल्टेज लागतच नाही. आपणच ठूसून राह्यलो."

मग वेग जरासा कमी करून ते व्होल्टेज एकेक पायरी उतरवू लागले. दर पायरीला चाचणी. एका पायरीला संगणक जागीच गोठला, तशी एक पायरी वर घेतली. तापमान ऐंशीवर येऊन थांबलं. "आता पयते. अजून जोरात पयलं असतं, पण पयता पयता मरू नये न!" साडेतीनला फिल्म तयार झाली.

चाचांच्या खाटेशी आम्ही ती लावली. मुलगी त्यांचा हात धरून बसली होती. पडद्यावर तिने दबक्या आवाजात तीनदा 'कुबूल है' म्हटलं, तेव्हा चाचा म्हणाले, "भाऊ, फिर से लगाओ." मी पुन्हा लावलं. साडभाऊ "लाइट कमी-जास्त होऊन राह्यली का पाहून येतो," म्हणून बाहेर गेले आणि फिल्म संपेपर्यंत मीटरकडे पाहत उभे राहिले.

यंदा मी नवा संगणक घेतला. हा आपला वेग आणि उष्णता आपणच सांभाळतो. साडभाऊ पाहायला आले. तापमान पंचेचाळीस. "याले काईच करायचं नाही," एवढंच बोलले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले. नंतर महिनाभर फिरकलेच नाहीत.

आता मीच मधूनमधून फोन करून खोटं सांगतो, "साडभाऊ, कॉम्प्युटर लय तापून राह्यला." ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तातडीने येतात, झाकण उघडतात, खोटं तिथल्या तिथे ओळखतात, आणि एकेक स्क्रू सावकाश, जपून बसवत राहतात.