पांढरी प्रवाळं

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं जगवायची, तर दिवा घरीच कसा बनवावा, हे शिकायला मी देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी काकांकडे गेलो होतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर त्यांनी स्वतः बसवलेले एलईडी ते एकेक चाचपून दाखवत होते.

"नजर अधू होत गेली, तसे दिवे वाढवत गेलो," ते म्हणाले.

मी टाकीत पाहिलं आणि हादरलो. त्या प्रखर उजेडाने सगळी प्रवाळं पांढरीफटक पडून मेली होती. मी बोलणार, तोच मागे उभ्या काकूंनी हातानेच मला थांबवलं.

"अहो, आज कडेचं हिरवं काय फुललंय," त्या म्हणाल्या.

"हो का?" काका हसले.

काकू चहा टाकायला आत गेल्या. काका हळूच म्हणाले, "पाणी बदलताना हाताला नुसते दगड लागतात. मेलीत, ठाऊक आहे मला. पण तिला सांगू नका. रोज सकाळी ती मला एक नवा रंग सांगते."

काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपऱ्यातलं जांभळंही छान आहे, काकू."