नऊ वर्षांची शाळा

मुलगा नातीला घेऊन जर्मनीहून नाताळच्या सुट्टीत सक्करदऱ्याला माझ्याकडे आला, तो तिची पुढची शाळा ठरवूनच. तिकडे चौथीनंतर पोरांची मोठी शाळा सुरू होते. मध्यंतरी तिथल्या सरकारने ती नऊ वर्षांची आठ करून पाहिली. पालक कावले, तेव्हा बऱ्याच शाळा पुन्हा नऊवर गेल्या. नातीच्या गावात दोन्ही प्रकार आहेत.

"आठवाली घेऊन राहिलो. एक वर्ष वाचते ना, आई!"

नातीचं तोंड एवढंसं झालं. आठवालीत दुपारीही वर्ग, म्हणजे तिचं पोहणं बंद. पाण्यात उतरली की या पोरीला जेवणाचीही शुद्ध राहत नाही.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. वर्ष वाचवणारे पालक मला तोंडपाठ आहेत. पोराचं नाक पुसायचं वय, तोच त्याला एक वर्ष आधी पहिलीत बसवायचं आणि बारावीनंतर प्रवेश परीक्षेसाठी त्यालाच वर्षभर 'ड्रॉप' घ्यायला लावायचं. असला उफराटा कारभार आपल्याकडेच! आमच्या घरात ह्यांनीही तेच केलं. मी नको म्हणत होते, पण ह्यांच्यापुढे कोणाचं चाललंय?

"तुहं बी एक वर्ष वाचलं होतं ना गा?" मी मुलाला म्हटलं. "कुठं ठेवलं? दाखव मले."

तो हसला. "ड्रॉपमध्ये गेलं."

"झाली मग बचत!"

"ड्रॉप म्हणजे काय, बाबा?" नातीने विचारलं.

"शाळा संपली, पण कॉलेज नाही. सारे दोस्त पुढे गेले न् मी इथंच."

"मग दिवसभर काय करत होता तू?"

अभ्यास, असंच तो सांगेल, याची मला खात्री होती.

"क्लासले जातो म्हणून निघायचो न् तलावावर जाऊन बसायचो. खूप दिवस. आजीले माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं.

तो लेकीला म्हणाला, "नऊवाली घेऊ. पोह तू."

"पक्कं?"

"पक्कं."

ती उड्या मारत आईला फोन करायला पळाली.

"मले काहून नाही सांगितलं गा?" मी विचारलं.

"तू रोज पहाटे उठून डबा करून देत होती, आई. कसं सांगू?"