हवाई तळाच्या फाटकावर आबा आणि मी

माझा नवरा हवाई दलात आहे. वैमानिक नाही, लढाऊ विमानांची चाकं आणि ब्रेक तपासणाऱ्यांपैकी एक. त्याची नेमणूक पुण्याच्या पलीकडच्या तळावर. मी तळेगावात शाळेत शिकवते. शाळेला सुट्टी लागली की मी बेडशाला, सासऱ्यांच्या गावी राहायला जाते.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. त्या तळाशी त्यांचं नातं माझ्या नवऱ्याच्या नोकरीहून जुनं. इंग्रजांच्या काळात, महायुद्धाच्या धामधुमीत, तिथं धावपट्टीचं काम निघालं तेव्हा त्यांचे वडील खडी फोडायला गेले होते. मुंबईवर कुणी विमानं घेऊन चालून आलं तर त्यांना अडवायला जवळपास आपली विमानं हवीत, म्हणून तो तळ झाला, असं वडिलांनी त्यांना सांगितलेलं. आबा हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगायचे. आजोबांनी खडी फोडलेल्या पट्टीवर नातू विमानं तपासतो, हे तर ते पाव्हण्यारावळ्यांत हमखास काढायचे.

त्या मे महिन्यात सीमेवर पेटलं आणि तीच गोष्ट मला वेगळी वाटायला लागली. मुंबईच्या राखणीसाठी केलेला तळ, म्हणजे मुंबईवर येणारा आधी तळच फोडणार. मी हे कुणापाशी बोलले नाही. एका संध्याकाळी टीव्हीवर नकाशा आला, त्यात पुण्याभोवती लाल वर्तुळ काढलेलं. आबा उठले आणि टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसले. त्यांच्या मनात काय आलं ते मला विचारावं लागलं नाही.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सुट्ट्या रद्द झाल्यात, आता फोन बंद राहील, काळजी करू नकोस, एवढंच तो बोलला. मी जेवलास का विचारलं. तो हो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर काही नाही. लावला की बंदच. तरी मी लावत राहिले.

त्याच आठवड्यात सरकारनं भोंग्यांची चाचणी ठेवली होती. हल्ला झाला तर लोकांनी काय करायचं, त्याचा सराव. मला हे ठाऊक होतं. मी काही सामान आणायला सोमाटण्याला गेले होते. फाट्यावर बससाठी उभी असताना भोंगा वाजला. तो चढत गेला, खाली आला, पुन्हा चढला. सराव आहे, सराव आहे, असं मी स्वतःला सांगत होते, तरी मी कलिंगडवालीच्या गाड्याच्या आडोशाला खाली बसले. तिनं पाण्याची बाटली पुढे केली आणि कुणी आहे का तुमचं तिकडं, असं विचारलं. मी मान हलवली.

भोंगा थांबला आणि फोन वाजला. शाळेच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. काळा धूर, खाली ओळ, पुण्याच्या हवाई तळावर हल्ला. पाठवणाऱ्या बाईंना माझा नवरा कुठे असतो ते बहुधा लक्षात राहिलं नसावं.

मी आबांना फोन केला आणि फाट्यावरून तशीच तळावर निघाले म्हणून सांगितलं. तिथं काय आहे, कशाला जातेस, असं ते म्हणाले नाहीत.

"तितंच थांब फाट्यावर," ते म्हणाले. "मी आलो. एकटी जाऊ नगंस."

शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून ते आले. डोक्याला टोपी नव्हती. त्यांना बिनटोपीचं घराबाहेर मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बस बदलत पुणं गाठलं आणि पुढे रिक्षा केली. वाटेत आबांनी मला फोटो पुन्हा दाखवायला सांगितला, बराच वेळ पाहिला आणि डोळे मिटून घेतले. रिक्षावाल्याला मी विचारलं, काही ऐकलंत का? तो म्हणाला, मॅडम, रोज काहीतरी ऐकतोच.

फाटकावर वाळूच्या पोत्यांमागे जवान उभे होते. त्यातला एक पुढे आला आणि त्यानं आम्हाला हात करून लांबच थांबवलं. मी फोन पुढे धरला. बोलले ते आबा. पोरगा आत आहे, बायको आहे ही त्याची, एवढंच कळू द्या की तो बरा आहे.

जवान मराठी होता. त्यानं फोटो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "ताई, वर बघा. कुठं धूर आहे?"

मी वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. प्रवासी विमानंही याच पट्टीवर उतरतात. तसंच एक घरघरत खाली येत होतं. आबा खाली मातीत बसले.

मग मी विचारलं, तो आत आहे ना? जवानानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. ते मला सांगता येत नाही, असं हळू आवाजात म्हणाला. घरी जा म्हणाला. तळ शाबूत होता, पण नवरा तिथं नसणार, हे मी ओळखलं. गरज पडली की इथली माणसं सीमेजवळच्या तळांवर पाठवतात, हे मला नवऱ्यानंच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. येताना जी भीती होती तिला निदान एक जागा होती. परतताना ती जागाही उरली नाही.

"आमचा बा हितं खडी फोडायचा," बसमध्ये आबा म्हणाले. "लय सांगत हिंडलो मी. आता न्हाई सांगावंसं वाटत."

गोळीबार थांबल्याची बातमी आली, तरी फोन आला नाही. तो आला नंतर, एका सकाळी, अनोळखी नंबरवरून. मी जेवलास का असंच विचारलं.

महिन्याभरानं तो घरी आला. कुठं होता ते सांगितलं नाही. डोक्यावर ड्रोन घोंघावत असताना खंदकात पडून होतो, एवढंच बोलला. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

पुढच्या वर्षी त्याच्या नोकरीची मुदत संपते. वाढवून घेता येते. तळावर परत जायच्या आदल्या दिवशी त्यानं आबांना विचारलं, काय करू?

"मला इचारू नगंस," आबा म्हणाले. "तिला इचार."

त्यानं विचारलं. मला मुदत वाढवू नको म्हणायचं होतं, पण त्याला राहायचंय हे चेहऱ्यावर दिसलं, म्हणून नंतर सांगते म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.