गुरप्पाअण्णांची दर रविवारी बिघडणारी मोटार

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. मिलमध्ये मी फिटर आहे आणि माझ्या हाताखाली कुणी टिकत नाही. चाळीतली माणसं माझ्या खोलीवरून जाताना आवाज खाली घेतात. गुरप्पाअण्णांविषयी लिहायचं तर या रागाविषयीही लिहावं लागणार, त्याला इलाज नाही.

शुक्रवार पेठेत अण्णांचं दगडी घर आहे. शेंगा आणि सरकीच्या व्यापारात बरं चाललं होतं तेव्हा त्यांनी एका गोऱ्या इंजिनिअरची वापरलेली मोटार घेतली. बायकोला, निंगव्वाला, दर सोमवारी होटगीला मठात न्यायचं, एवढंच त्या मोटारीचं काम. मग निंगव्वा गेली, व्यापार आटोपला, एकुलती मुलगी चंद्रव्वा लग्न होऊन धारवाडला गेली. मागे राहिले अण्णा आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमधली ती काळी मोटार. पेठेतलं कुणी त्यांच्याकडे फिरकत नसे, कारण ऐन भरात असताना त्यांनी भल्याभल्यांना तोंडावर सुनावलं होतं. भाकऱ्या करायला केराबाई सकाळी यायची आणि तासाभरात निघून जायची. त्यानंतर त्या घरात दिवसभर माणसाचा आवाज म्हणून नसायचा.

केराबाई माझ्याच चाळीतली. बत्तीस सालच्या उन्हाळ्यात तिनेच मला पहिल्यांदा तिकडे नेलं. रेडिएटर गळत होता. कुणीतरी सांगितलं म्हणून अण्णांनी त्यात मूठभर ज्वारीचं पीठ टाकलं होतं. गळणं थांबलं खरं, पण चार दिवसांत आत सगळी आंबील झाली. मी नळी सोडली तेव्हा ती गरम गरम माझ्या पायावर आली.

"अण्णा, मीठ घालायचं ऱ्हायलं," मी चिडून म्हणालो.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. केराबाई चुलीपुढून उठून बघायला आली. निंगव्वा गेल्यापासून हा माणूस हसला नव्हता, असं तिने मला वाटेत सांगितलं.

तेव्हापासून दर रविवारी मोटारीचं काहीतरी बिघडू लागलं. मिलला सुट्टी, मी मोकळा. माझी बायको वळसंगला माहेरी बाळंतपणात वारली, मूलही गेलं, त्यामुळे रविवार कुठे घालवायचा हा प्रश्न मलाही होताच. पण तसं मी कुणाला बोलून दाखवत नसे. मी फक्त म्हणायचो, म्हाताऱ्याची मोटार अडलीय, जायला पाहिजे.

दारात पाऊल टाकलं की अण्णा कानडीत म्हणायचे, "बा ज्ञानू, बा," म्हणजे ये, ये. मग मी गाडीखाली आणि ते शेजारी पाटावर, असा आमचा दिवस जाई. त्यांना सगळं विचारायचं असायचं. प्लगवर काजळी का धरते, पंख्याचा पट्टा किती ताणायचा, टायरमध्ये हवा कमी आहे हे नुसतं बघून कसं ओळखतोस. मी रागावत रागावत सांगायचो. दुपारी भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. जेवताना ते निंगव्वाचं सांगायचे. गाडीने वेग धरला की ती डोळे मिटून घ्यायची आणि उतरल्यावर म्हणायची, वाट लई छान हाय. एकदा मीही माझ्या बायकोचं सांगितलं. त्याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका रविवारी प्लगची तार सुटलेली. पुढच्याला पेट्रोलचा कॉक बंद. मग कार्ब्युरेटरमध्ये कापसाचा बोळा. मी क्षणात शोधून काढायचो आणि मनातून फुगायचो. माझ्यासारखा हात सोलापुरात नाही, असं अण्णा म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं. सुटलेल्या तारेचा स्क्रू दर वेळी मडगार्डवर नीट ठेवलेला का सापडतो, हा विचार दीड वर्षात एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. शहाण्या माणसाची अक्कल कुठे जाते कोण जाणे!

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर मला एक खरा दोष दिसला. मोटार चालू करायला पुढून हँडल मारण्यापूर्वी सुकाणूखालची एक दांडी वर सारायची असते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडल हातावर येतं. त्या दांडीच्या सळईची पीन झिजून अर्धी झाली होती.

"ही पडली तर दांडी वर करून बी उपेग न्हाय," मी अण्णांना बजावलं. "पुढच्या रविवारी मिलमधनं नवी करून आणतो. तवर हँडलला हात लावू नका."

पुढच्या रविवारी पीन माझ्या खिशात होती. पण गेलो तर मागचं चाक बसलेलं. ट्यूब काढली, तर टायरमधून बोटभर बाभळीचा काटा निघाला. काटा हातात धरून मी बघत बसलो.

"अण्णा, गाडी भाईर काडली व्हती का?"

"न्हाय की."

"दसऱ्यापासनं ही हितनं हलली न्हाय. मग काटा कुटनं आला?"

पाटाशेजारी गोणपाट अंथरलेलं होतं. त्यावर नट पिळायचे पाने लहानमोठे असे ओळीने मांडलेले, ठिगळ आणि गोंद आधीच काढून ठेवलेला. दीड वर्षातल्या सगळ्या तारा, सगळे कॉक आणि बोळे मला एकदम आठवले.

"तुमी सोता घातला?"

"व्हय," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "गाडी धड असती तर तू आला असतास का, ज्ञानू?"

आज मला वाटतं, तेव्हा नुसतं त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं. दीड वर्ष मी ज्या हुशारीवर फुगत होतो, ती सगळी मांडून ठेवलेली होती.

"मी काय खुळा हाय व्हय तुमच्या खेळात नाचायला?" मी ओरडलो. "आता गाडी खरंच मोडली तरी मला बोलावू नका!"

ताटात भाकरी वाढून झाली होती. मी हात धुतले नाहीत, तसाच निघालो. पीन खिशातच राहिली.

पुढचे तीन रविवार मी खोलीत काढले. तिसऱ्या रविवारी तर चाळीच्या नळाचा धड असलेला वॉशर काढून पुन्हा बसवला. त्याच संध्याकाळी केराबाई दारात आली.

"अण्णांनी सांगितलंय, गाडी सुरू व्हईना. या म्हनत्यात."

"त्यास्नी सांगा, काटा काडून टाका म्हणावं."

केराबाई आल्या पावली परत गेली. आठवडाभर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

चौथ्या रविवारी मला राहवेना. मनात ठरवलं होतं, काही विचारायचं नाही, सरळ पाटाशेजारी बसायचं. पण घराला कुलूप होतं आणि केराबाई किल्ली घेऊन पायरीवर बसली होती.

"सोमवारी त्येंनी सोताच हँडल मारलं," ती म्हणाली. "उलटं आलं. मनगट मोडलं. जावई येऊन धारवाडला घेऊन गेला."

"कशाला मारलं? कुटं जायचं व्हतं?"

"तुमच्याकडंच की. म्हनले, त्यो येत न्हाय तर मीच गाडी घिऊन जातो."

मी शेडमध्ये गेलो आणि गाडीखाली शिरलो. झिजलेली पीन खाली मातीत पडली होती आणि सळई लोंबत होती. माझ्या खिशातली पीन बसवायला दहा मिनिटंही लागली नाहीत. हँडल अर्धं फिरवलं, मोटार चालू झाली. बाकी सगळं व्यवस्थित होतं. तारा घट्ट, प्लग लख्ख, चाकात हवा. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं होतं. मी तिथेच पाटावर बसलो आणि रडलो. केराबाई आत आली नाही.

मग मी धारवाडला कार्ड टाकलं. झालं त्यात चूक माझी, असं लिहायला बसलो होतो, पण हातून भलतंच उतरलं: 'गाडी सुरू होत नाही. सगळं बघितलं. दोष सापडत नाही. तुम्ही या.'

दहा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर डाव्या हाताचं, ओळी खाली उतरत गेलेल्या. 'ज्ञानूस आशीर्वाद. पीन बसवली असशीलच. तेव्हा गाडी सुरू होत नाही हे खोटं. माझा हात वळत नाही आणि चंद्रव्वा एकट्याला सोडत नाही. इथे सगळे कामात असतात. पुढच्या रविवारी काय बिघडलं ते लिही.'

तेव्हापासून मी दर रविवारी किल्ली घेऊन जातो, मोटार चालू करतो, ऐकतो, बंद करतो. केराबाईने बांधून दिलेली भाकरी पाटावर बसून खातो. मग कार्ड लिहितो. पंख्याचा पट्टा सैल झाला. कॉकमध्ये कचरा आला. रेडिएटर पुन्हा गळतोय, पीठ टाकू का? अण्णा प्रत्येकाला उत्तर देतात. कुठला पाना घे, तो कुठल्या खणात आहे, किती पिळायचं. पिठाच्या कार्डाला त्यांनी एकच ओळ लिहिली, मीठ विसरू नकोस.

आता दुसरं वर्ष लागलं. ते परत येतील असं चंद्रव्वाच्या पत्रावरून वाटत नाही. एका मोटारीत बिघडण्यासारखं असून असून किती असणार? सगळं लिहून संपलं, तेव्हा मागच्या रविवारी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 'प्लगची तार सुटलीय,' असं लिहिलं.

काल उत्तर आलं. तार कशी बसवायची ते अण्णांनी सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलंय. हे आधी एकदा झालं होतं, असं त्यांनी कुठेही लिहिलेलं नाही.