वरच्या मजल्यावर टीव्ही नाही

पहिला शनिवार. जबाबदार : दारावर उभा असलेला कर्मचारी.

त्यानंतरचा बुधवार. जबाबदार : व्यवस्थापक, आणि काही अंशी मी स्वतः. ते कसे, हे पुढे येईलच.

त्याच आठवड्यातला रविवार. जबाबदार : मालक, जो तिन्ही दिवशी गल्ल्यामागे बसलेला होता आणि ज्याने तिन्ही दिवशी मान वर केली नाही.

नेमक्या तारखा माझ्या फायलीत आहेत. मागेल त्याला दाखवीन.

घटनास्थळ अंधेरी पूर्वेची एक परमिट रूम. तळमजल्यावर मोठा हॉल आणि समोरच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही. कोपऱ्यातून वर जाणारा जिना, आणि वर 'फॅमिली सेक्शन'. तिथे एसी आहे, पडदे आहेत, फुलदाणीत प्लॅस्टिकची फुले आहेत, टीव्ही नाही. उपनगरात वाढलेल्या माणसाला ही मांडणी समजावून सांगावी लागत नाही. बाई आली की ती वर जाते. हे कोणी ठरवले, कोणत्या अधिकाराने ठरवले, असे मीही सत्तर वर्षांत कधी विचारले नव्हते. हा माझा पहिला कबुलीजबाब.

तो प्रश्न विचारण्याची वेळ माझ्या वहिनीने आणली. माझा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होता आणि लग्नानंतरची बरीच वर्षे वहिनी त्याच्यासोबत जहाजावर राहिल्या. भावाला हॉलंडच्या फुटबॉलचे वेड होते. त्याचा एक दंडक होता : हॉलंडचा सामना केबिनमध्ये बसून ऐकायचा नाही; जहाज ज्या बंदराला लागेल तिथे उतरून बार शोधायचा आणि त्याच संघाच्या माणसांत बसून पाहायचा. शोधायचे काम वहिनींचे. जहाजाच्या एजंटाला विचारायचे नाही, त्याला फक्त महागडी हॉटेले ठाऊक असतात, असे त्या सांगत. बंदराबाहेरच्या न्हाव्याला विचारायचे, नाहीतर खिडक्यांतून हॉलंडच्या संघाचे नारिंगी कापड कुठे लटकते ते बघत चालायचे. डर्बनला, सिंगापूरला, सांतोसला त्यांनी असे बार शोधून काढले. पार्ल्यात वाढलेली बाई, नऊवारी नेसणाऱ्या सासूची सून, आणि ब्राझीलमधल्या गल्लीत नवऱ्याला म्हणते, "इकडून नको, तिकडून चला. आवाज येतोय."

रोटरडॅमचा बार मी स्वतः पाहिला आहे. मी जहाज कंपनीच्या दाव्यांच्या विभागात वकील होतो. भिजलेल्या मालाच्या एका दाव्यासाठी काही महिने तिकडे राहावे लागले, आणि त्याच सुमारास भावाचे जहाज तिथे लागले. गोदीमागचा तो बार एक गुडघेदुखीने हैराण झालेली म्हातारी चालवत होती. आम्ही तिघे दारात उभे राहिलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारीने वहिनींना आपादमस्तक पाहिले, आणि एकच प्रश्न विचारला : कोणाच्या बाजूने? वहिनींनी पदराकडे बोट दाखवले. साडी नारिंगी होती. म्हातारीने स्वतःचे स्टूल उचलून पहिल्या रांगेत ठेवले आणि वहिनींना बसवले. सोबत कोण, कुठल्या घरच्या, हे तिने विचारले नाही.

भाऊ गेल्यावर वहिनींनी एकही सामना पाहिला नाही. यंदा त्यांचाच फोन आला. "भावोजी, हॉलंडचा सामना शनिवारी साडेसहाला आहे. बार शोधा. आता मला चालवत नाही."

मी शोधला. मनोरीचा माझा एक जुना मित्र आहे, निवृत्त फुटबॉल पंच. तोही हॉलंडवालाच, बोटीने मार्वेला उतरून तो अंधेरीपर्यंत येतो. ही परमिट रूम त्यानेच सुचवली. इथे क्रिकेट नसेल तेव्हा फुटबॉल लावतात, एवढी एकच चौकशी आम्ही केली. आम्ही पुरुष, दुसरी चौकशी आम्हाला सुचलीच नाही.

शनिवारी दारावरच्या माणसाने हात आडवा घातला. "लेडीज वर." आम्ही टीव्हीचे कारण सांगितले. "लेडीज वर," तो पुन्हा म्हणाला. मित्र खाली बसला. वहिनींना एकटे कसे सोडायचे म्हणून मी वर गेलो. पडद्याआड बसून आम्ही सूप प्यायलो. खालून आरडाओरडा आला की वहिनी डोळे मिटून म्हणत, "गोल नाही. पोस्टला लागला." नंतर मित्राला विचारले, दोनदा त्यांचे बरोबर निघाले.

मी घरी, मुलुंडला, येऊन पत्र लिहिले. आयुष्यभर तेच केले आहे. 'सदर महिला सुसंस्कृत कुटुंबातील असून, वयाने ज्येष्ठ व एका दिवंगत अधिकाऱ्याच्या पत्नी आहेत. त्यांच्यासमवेत मी स्वतः उपस्थित राहीन. सबब त्यांस तळमजल्यावर बसण्याची अनुमती द्यावी.' मसुदा मला फार आवडला होता.

बुधवारी, पुढच्या सामन्याला, व्यवस्थापकाने ते पत्र माझ्याच पुढ्यात ठेवले. "काका, तुम्हीच लिहिलंय ना? चांगल्या घरच्या आहेत. मग चांगल्या घरच्या लेडीजना आम्ही वरच बसवतो. तुम्ही सोबत आहात, म्हणजे तुम्ही पण वर. आणि हे तुमचे फ्रेंड, ते पण."

आता तिघेही वर. मित्र जिन्यातच म्हणाला, "काय रे वकिला, तुझ्या पत्रापूर्वी निदान मी तरी खाली होतो!"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पत्राची प्रत मागितली, चष्मा लावून वाचली आणि घडी घालून मला परत दिली. "भावोजी, रोटरडॅमला माझं कॅरॅक्टर सर्टिफिकेट तुमच्या खिशात होतं का?"

हक्क असतो तिथे अनुमती मागायची नसते, हे मी कितीतरी पक्षकारांना सुनावले आहे. आणि स्वतःच्या वहिनीसाठी मी अर्जदार झालो, वर तिच्या चारित्र्याचा जामीनही. त्या पत्रात एक प्रश्न हवा होता, तोच नव्हता : कोणत्या नियमाने?

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा वहिनी आधीच आलेल्या होत्या. साडेपाचला, एकट्या, दारावरचा माणूस खुर्च्या लावत असताना, त्या आत शिरून टीव्हीसमोरच्या टेबलावर बसल्या होत्या. तीच नारिंगी साडी, आता विटलेली. पुढ्यात लिंबू सोडा आणि शेंगदाणे.

"आजी, वर एसी आहे," व्यवस्थापक म्हणाला.

"मला थंडी बाधते."

"इथे सगळे जेन्ट्स आहेत ना."

"दिसतंय. चष्मा आहे मला."

"घरी टीव्ही नाही का तुमच्या?"

"आहे ना. लोकांच्या घरी स्वयंपाकसुद्धा होतो. तरी तुम्ही हॉटेल काढलंतच ना?"

मग मी, उशिरा का होईना, तो प्रश्न विचारला. नियम दाखवा, या भिंतीवर लावलेला असेल तर बोट दाखवा. व्यवस्थापक गल्ल्याकडे गेला. मालकाने मान वर न करताच रिमोट उचलला आणि सामना सुरू होण्याच्या बेतात असताना टीव्ही बंद केला. "बिघडला म्हणून सांग."

हॉल भरलेला होता. एक गिऱ्हाईक वहिनींवरच उखडले. "आजी, तुमच्यामुळे आमची पण वाट लागली!"

"माझ्यामुळे? रिमोट माझ्या हातात आहे का?"

त्या माणसाने खुर्ची फिरवून गल्ल्याकडे तोंड केले. "ओ शेठ, लावा ना यार!" आणखी चार आवाज उठले. शेठने लावला नाही.

तेव्हा माझ्या मित्राने स्वतःचा फोन पाण्याच्या स्टीलच्या जगाला टेकवून उभा केला. हातभर लांबच्या माणसालाही काही दिसेना, म्हणून तो जुना पंच उभा राहून सामना ओरडून सांगू लागला. टेबले सरकली, खुर्च्या सरकल्या. मध्यंतरापर्यंत वहिनींच्या भोवती सात-आठ जण होते, आणि मघा उखडलेला माणूस त्यांना विचारत होता, "आजी, ऑफसाइड होता ना?"

"नव्हता. त्यांचा उजवीकडचा मागे राहिला होता. फोन जरा वाकडा कर रे, चकाकतोय."

आम्ही जिंकलो असे मी म्हणणार नाही. सामना बरोबरीत सुटला, आणि भिंतीवरचा टीव्ही अखेरपर्यंत काळाच राहिला. एका सत्तरीच्या बाईने खाली बसू नये म्हणून एका माणसाने भरल्या हॉलचा सामना बंद केला, ही वस्तुस्थिती आहे. तिला साक्षीदार आहेत.

म्हणून आता हे पत्र अनुमतीसाठी नाही. मालक महाशय, आपल्या दाराशी काळा फळा आहे. त्यावर आपण रोज खडूने बोंबील, सुरमई, पापलेट लिहिता. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तो वाचतो. त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आपण लिहावे : कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमान्वये बाईने आपल्या तळमजल्यावर बसू नये? असा नियम नसेल, तर 'नियम नाही' हे दोन शब्दही पुरतील. मला बंद पाकिटात उत्तर नको. व्यवस्थापकामार्फत दिलगिरी नको. वहिनींना वर फुकट सूप तर मुळीच नको.

पुढचा सामना शनिवारी साडेसहाला आहे. वहिनी साडेपाचला येणार आहेत. त्यापूर्वी फळ्यावर लिहा आणि खाली सही करा.