आईच्या पासबुकातली एक नोंद

लंडनला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला दिवस गेले आणि बाळंतपणाला आईनं यावं, असं तिनं फोनवर सांगितलं. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आम्ही कन्नड मुलखात राहायचो; आई चामराजपेटेतल्या आमच्या भाड्याच्या घरात ब्लाउज शिवायची.

व्हिसा दोन महिन्यांचाच हवा होता, पण सोबत जोडायच्या कागदांत एक अट होती: प्रवाशाजवळ पुरेसे पैसे असल्याचा पुरावा. बहिणीचं हमीपत्र येणार होतं, तरी आईच्या स्वतःच्या खात्यात काही दिसायला हवं, असं जो तो सांगे. तिच्या खात्यात हजार रुपयेसुद्धा नव्हते.

मार्केटजवळ अर्ज भरून देणारा एक एजंट होता. त्याच्याकडे मी आईला घेऊन गेलो. त्यानं आवाज खाली आणला. "स्वल्प कमिशन द्या सर. महिनाभर अम्मांच्या खात्यात रक्कम ठेवतो, व्हिसा झाला की काढून घेतो."

मी "विचार करतो" म्हणून उठलो.

तीन आठवड्यांनी तिनं पासबुक माझ्या हातात दिलं. "हे अर्जाला जोड."

मी उघडलं. पन्नास, शंभर अशा जमेच्या ओळी, आणि शेवटी एकच नोंद: पंच्याऐंशी हजार.

"हे कुठून आले?"

"आले. जोड तू."

मला वाटलं, एजंटनं मला टाळून हिला गाठलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी त्याच्याकडे गेलो आणि सरळ दरडावलं. तो हसला. "तुमची आई आली होती खरी. 'माझ्या पासबुकात दुसऱ्याचे पैसे घालतोस का?' म्हणून चार लोकांत मला झापून गेली."

मग तिनं सोन्याच्या पाटल्या विकल्या असाव्यात, असा मला संशय आला. आई शेजारणीबरोबर देवळात गेल्यावर मी तिची ट्रंक उघडली. आईच्या ट्रंकेला मी तोवर कधी हात लावला नव्हता. कुणी येतंय का, म्हणून दर मिनिटाला दाराकडे बघत होतो. पाटल्या जागेवर होत्या. साड्यांच्या खाली मात्र स्टॅम्पपेपर होते. महादेवपुऱ्याकडची आमची साइट, घर बांधायची मोकळी जागा, तिनं विकली होती.

ती तीस बाय चाळीस फुटांची जागा वडिलांनी हप्त्याहप्त्यानं घेतली होती. भोवती सगळी शेतं. मी अधूनमधून रविवारी बसनं जाऊन कोपऱ्यांतले दगड हलवले नाहीत ना, हे बघून यायचो. घराचा नकाशाही मी काढून ठेवला होता, दोन खोल्या आणि पुढं ओटा. जागा आईच्या नावावर होती, हे मला माहीत होतं. पण मनात ती माझीच होती.

आई परत आली तेव्हा कागद माझ्या मांडीवर होते. ट्रंक उघडीच होती. तिनं आधी ट्रंकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला विचारावंसं वाटलं नाही तुला?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"म्हणून चोरून विकलीस?"

"माझ्या नावाची होती ती. चोरून कशी?" तिनं साड्यांच्या घड्या नीट केल्या. "लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. मी तिथं भिकाऱ्यासारखी उभी राहणार नाही."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलत होतो. व्हिसाच्या मुलाखतीला मद्रासला गेलो, तेही तसंच. आत फक्त तिलाच सोडलं. मी फुटपाथवर उभा राहून, ही आत काय सांगत असेल, खरं सांगेल का, याचाच विचार करत होतो.

परतीच्या गाडीत मीच विचारलं, आत काय झालं.

"साहेबाला पैशांचा संशय आला," ती म्हणाली. "एकदम एवढे कुठून आले, विचारलं. मी विक्रीचा कागद दाखवला. तर त्याचा संशय वाढलाच. जमीन विकून चालला आहात, म्हणजे परत यायचं नाही ना? कन्नड बोलणारी एक दुभाषी बाई मध्ये होती, तिनं मला सांगितलं."

"मग?"

"मी म्हटलं, मुलाला न सांगता विकली. तो माझ्याशी धड बोलत नाहीये. त्याचा राग काढायचाय, न येऊन कसं चालेल? त्या बाईला हसू आलं. तिनं त्याला काय सांगितलं देव जाणे. त्यानं शिक्का मारला."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. परक्या माणसासमोर तिनं घरातली गोष्ट उघडी केली याचा मला राग आला, आणि तीच गोष्ट उपयोगी पडली याची लाजही वाटली. थोड्या वेळानं मी तिला विचारलं, "कॉफी घेणार?"

"सरी, घेऊ," ती म्हणाली.

आई दोन महिने राहिली आणि ठरल्या दिवशी परत आली. बहिणीला मुलगी झाली होती. तिकीट मेव्हण्यानं काढलं होतं, त्यामुळे साइटचे पैसे जसेच्या तसे शिल्लक होते. एके दिवशी तिनं मला विचारलं, "साइट परत मिळते का बघायचं का?" मी जाऊन चौकशी करून आलो. घाईत ती स्वस्तात गेली होती; त्या पैशांत आता अर्धीही मिळत नव्हती. मी तिला तसं सांगितलं नाही. म्हणालो, "तिकडं फार लांब पडतं."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला स्पष्ट दिसत होतं.