राखेच्या खणातलं बटण

अरविंद गेला तेव्हा मी त्याच्यासाठी पेज करत होते. दवाखान्यातून दिरांचा फोन आला, "वहिनी, दादा गेला…" मी गॅस बंद केला आणि तिथंच स्टुलावर बसले. पुढचे कितीतरी दिवस माणसांच्या येण्याजाण्यात गेले. येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा आणि चहा संपता संपता विचारायचा, "आता गाडीचं काय करणार?" खरं सांगते, उत्तरं देऊन देऊन मी थकले.

गाडी माझ्या सासऱ्यांची. उघडी, कापडी टपाची, आमच्या नागावच्या वाडीतल्या माडांच्या वयाची. खाऱ्या हवेनं गंज धरू नये म्हणून अरविंद रोज शाळेत शिकवायला जाण्याआधी तिला पुसायचा. घरातल्या माणसाची एवढी विचारपूस कधी केली नाही. निवृत्त झाल्यावर त्यानं तिच्यात गाणी बसवायचं डोक्यात घेतलं. अट अशी, की बाबांच्या गाडीला एकही नवं भोक पडता कामा नये आणि बाहेरून काही दिसता कामा नये. वायरिंगवाल्या सलीमभाईंना घेऊन तो दिवसचे दिवस गाडीत डोकं खुपसून बसे. बटण गेलं सिगारेटची राख झाडायच्या खणात, अ‍ॅम्प्लिफायर मागच्या सीटखाली, स्पीकर पुढच्या सीटांखाली. स्पीकरच्या खोक्यात काय भरायचं? घरचा काथ्या असताना विकतचं कशाला, म्हणून खाडीत कुजवलेला काथ्या ठासून भरला. पावसाळ्यात त्या खारट काथ्यानं ओल धरली, तारा हिरव्या पडल्या आणि गाणारी बाई खोकायला लागली. मी त्याला किती छळलं! शेवटी काथ्या उपसून माझ्या जुन्या उशीचा कापूस भरला, तेव्हा कुठं बाईंचा घसा सुटला.

मग रोज संध्याकाळी टप खाली घेऊन आम्ही रेवदंड्यापर्यंत जायचो. माझा उजवा कान लहानपणी गालगुंडात गेला, त्यामुळे चालत्या गाडीत अरविंदचं बोलणं मला कधीच ऐकू आलं नाही. गाणं मात्र स्वच्छ यायचं. मीही मोठ्यानं गायचे, अगदी बेसूर. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. "थांबू का?" असं विचारलं की तो नुसता हसून मान हलवायचा, नको म्हणून.

शेवटी मी गाडी विकायचं ठरवलं. माझ्यात आता काही सांभाळायचं त्राण नव्हतं. घेणाऱ्याला ती मुळात होती तशी हवी होती, म्हणून गेल्या आठवड्यात सगळं काढायला सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी माझी सीट उचलली. दाराच्या अंगाला दोन स्पीकर होते.

"आणि ह्यांच्या सीटखालचा?" मी विचारलं.

"तिकडं न्हाय भाभी. कधी नव्हताच. दोन्ही तुमच्या चांगल्या कानाकडं लावलेत. मी बोललो, सर, वाऱ्यात तुमाला काय ऐकू येनार? तर बोलले, 'मला ऐकायला ती हाय की.' तुमाला सांगू नको बोलले."

मी त्यांना चहा दिला आणि काहीही काढू न देता परत पाठवलं. घेणाऱ्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. मग खूप रडले.

संध्याकाळी पहिल्यांदाच त्याच्या जागेवर बसले. राखेचा खण उघडून बटण दाबलं. शेजारच्या रिकाम्या सीटखालून गाणं आलं. किल्ली फिरवली तसं ते इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलं. इतकी वर्षं त्याला ऐकू येत होतं ते एवढंच… इंजिन आणि मी.

मग मी गायला लागले, मोठ्यानं.